चाळीच्या अभ्यासिकेतल्या जुन्या पीसीवर कोणतं लिनक्स टाकू?

तिसरा मजला | शनिवार, रात्री ११:०५

मंडळी, मदत हवी आहे. गिरगावातल्या आमच्या चाळीत मंडळाची अभ्यासिका आहे. दहा बाय बाराची खोली, चार टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, वर गणपतीचं सामान ठेवायचा माळा आणि कोपऱ्यात एक पीसी. एका सभासदाच्या ऑफिसात तो निकालात निघाला, तेव्हा मंडळाला फुकट मिळाला. त्यावर अजून विंडोज ७ आहे. तिची अपडेट्स जानेवारी २०२० मध्येच बंद झाली. आता बटण दाबून खाली कटिंग पिऊन आलं, की मग कुठे डेस्कटॉप दिसतो. ब्राउझर जुना असल्यामुळे निम्म्या साइट उघडतच नाहीत.

मशीन असं: कोअर टू ड्युओ ई७५००, जी३१ चिपसेटचा बोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क, १७ इंची चौकोनी मॉनिटर. वायफाय नाही, कुणाच्या तरी मोबाइलवरून नेट.

काम फार नाही. मुलं फॉर्म भरतात, पीडीएफ वाचतात, यूट्यूबवर गणितं बघतात. खजिनदारकाका वर्गणीचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या फायलीही त्यातच आहेत.

कमिटीने दोन हजार मंजूर केलेत, तेही अर्धा तास वाद घालून. विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकावं म्हणून नेटवर शोधलं तर जिथे तिथे 'दहा सर्वोत्तम हलकी लिनक्स', आणि प्रत्येक यादीतली दहा नावं वेगळी. मला एकच नाव सांगा.

---

टर्मिनलवाला | शनिवार, रात्री ११:१८

अँटीएक्स. विषय संपला.

डेबियन या जुन्या लिनक्सवर आधारलेलं, सिस्टमडी (बाकी बहुतेक लिनक्समध्ये सगळं सुरू करणारा प्रोग्राम) नाही, खिडक्या सांभाळायला हलकं आइसडब्ल्यूएम. माझ्याकडच्या याहून जुन्या मशीनवर बूट झाल्यावर अडीचशे एमबीच्या आसपास रॅम खातं. बाकी सगळे लाड आहेत.

---

लोकलमधून | शनिवार, रात्री ११:३१

पपी लिनक्स टाकून बघा. पेनड्राइव्हवरून उठतं आणि सगळं रॅममध्ये चढवून चालतं, हार्ड डिस्कला हातही लावत नाही. माझ्या अ‍ॅटम एन२७० वाल्या नेटबुकवर मी तेच चालवतो. (फोनवरून लिहितोय, दादर आलं. चुका पोटात घाला.)

---

मुलुंडची मावशी | रविवार, सकाळी ७:४०

तिसरा मजला, नाव नंतर सांगते. आधी दोन प्रश्नांची उत्तरं द्या. त्या पीसीसमोर बसणार कोण? आणि बिघडला तर बघणार कोण?

मी शाळेत संगणक शिकवायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. हलक्यात हलकं लिनक्स टाकून दिलेली मशीनं महिन्याभरात धूळ खात पडलेली पाहिली आहेत. मशीनं उत्तम चालत होती. पण पेनड्राइव्ह लावल्यावर ती कुठे दिसते हे कुणाला सापडेना, आणि ज्याने लिनक्स टाकलं तो पोरगा नोकरीला पुण्याला गेला.

---

तिसरा मजला | रविवार, सकाळी ९:१२

मावशी, समोर बसणार आठवी ते बारावीची मुलं आणि एकाहत्तर वर्षांचे खजिनदारकाका. बिघडलं तर बघणार मी, आणि मी बँकेत आहे. म्हणजे बंद करून परत चालू करण्यापर्यंत माझी मजल.

---

दहाचा पाना | रविवार, सकाळी १०:०५

थांबा जरा. डिस्ट्रोवरून (म्हणजे लिनक्सच्या कोणत्या अवतारावरून) भांडण सुरू व्हायच्या आत मशीनकडे बघू.

पहिली चांगली बातमी म्हणजे ई७५०० हा ६४ बिटचा प्रोसेसर आहे. अनेक जण 'जुना पीसी' म्हटलं की डोळे मिटून ३२ बिटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाईल) उतरवतात. ते करू नका. त्या गाडीचं शेवटचं स्टेशन जवळ आलंय. क्रोमने ३२ बिट लिनक्सला २०१६ मध्येच रामराम केला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. फायरफॉक्सनेही १४५ पासून ३२ बिट लिनक्स सोडलं. (लोकलमधून, तुमचा एन२७० निव्वळ ३२ बिटचा आहे. पपी आहे तोवर मजा करा.)

दुसरं म्हणजे तुमचा पीसी प्रोसेसरमुळे रडत नाहीये. हार्ड डिस्क रडतेय. रॅम भरली की सिस्टम तिच्यातला माल डिस्कवर हलवते (स्वॅप म्हणतात ते हेच), आणि पंधरा वर्षं फिरून दमलेली तबकडी त्यात गुदमरते. चहा पिऊन यावं लागतं ते त्यामुळे. साधी साटा एसएसडी (चिपवाली डिस्क) बसवा. हा बोर्ड तिचा पूर्ण वेग देणार नाही, बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) बहुधा एएचसीआय ही डिस्कशी बोलायची नवी पद्धतही नसेल. काही फरक पडत नाही, जुन्या आयडीई मोडमध्येही चालते. केबिनेटमध्ये अडीच इंची जागा नसली तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. एसएसडीत फिरणारं काही नसतं, ती कशीही राहते.

तिसरी रॅम. जी३१ ला ४ जीबीच्या वर जाता येत नाही, म्हणजे २ जीबीच्या दोन काड्या. तुम्ही गिरगावात राहता, लॅमिंग्टन रोड तुमच्या परसात आहे. तिथे वापरलेली डीडीआर२ अजून मिळते. पण ४ जीबीची एकच काडी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. त्या बहुतेक एएमडीच्या बोर्डांसाठीच्या असतात, तुमच्या इंटेल बोर्डावर चालणार नाहीत. काडी तिथेच लावून दाखवायला सांगा.

आणि रॅम काढलीच आहे तर तिच्या सोनेरी पट्टीवरून शाळेतलं पांढरं खोडरबर फिरवा. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत त्या पट्टीवर काळपट थर चढतो. 'पीसी मेला' म्हणून आणून दिलेले कितीतरी पीसी मी निव्वळ खोडरबराने जिवंत केलेत.

---

उलट टपाली | रविवार, सकाळी ११:२६

अप्रिय बोलतो, हलके घ्या. भंगारात द्या. एकट्या प्रोसेसरचाच टीडीपी (पूर्ण भारावरचा ढोबळ वीजखप) ६५ वॅट. त्यात दोन हजार घालण्यापेक्षा आणखी थोडी वर्गणी काढून ऑफिसांतून निघालेला छोटा आय५ वाला डबा घ्या. विंडोज १० चाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे चांगली चांगली मशीनं बाहेर पडतायत. लिनक्सच टाकायचं तर त्यावर टाका.

---

दहाचा पाना | रविवार, सकाळी ११:४०

मुद्दा बरोबर आहे, नाकारत नाही. पण एसएसडी उद्या त्या डब्यातही बसेल. फुकट जाईल ती फक्त रॅम.

---

तिसरा मजला | रविवार, दुपारी १२:०२

उलट टपाली, आणखी वर्गणी काढायचा विषय मी कमिटीत काढला तर पुढच्या वर्षी खजिनदार मलाच करतील. दोन हजारांतच बसवायचं आहे.

---

टर्मिनलवाला | रविवार, दुपारी १२:३०

४ जीबी करणार असाल तर अँटीएक्स उडेल नुसतं.

---

मुलुंडची मावशी | रविवार, दुपारी १:१५

उडेल हो, पण उतरवणार कोण?

४ जीबी आणि एसएसडी होणार असेल तर माझं मत लिनक्स मिंट, एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती. मिंटवालेच किमान २ जीबी आणि आरामात चालायला ४ जीबी सांगतात. मिंट २२ हे उबुंटू या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभं आहे, अपडेट्स २०२९ पर्यंत. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, पेनड्राइव्ह लावली की डेस्कटॉपवर चित्र उमटतं. काकांना विंडोज ७ आणि यात फारसा फरक जाणवणार नाही.

लुबुंटूही वाईट नाही, मिंटपेक्षा हलकंच आहे. पण त्याच्या २४.०४ चा आधार तीनच वर्षांचा, आणि फायरफॉक्स स्नॅप नावाच्या बंद डब्यातून (पॅकेजमधून) येतो. जुन्या मशीनवर तो पहिल्यांदा उघडताना जीव काढतो. मिंटमध्ये स्नॅप मुळातच बंद ठेवलंय. क्रोमओएस फ्लेक्स कुणी सुचवायच्या आत सांगते, २०१० पूर्वीच्या सुट्या भागांवर अनुभव बरा येणार नाही हे गूगल स्वतःच लिहितं.

---

लोकलमधून | रविवार, दुपारी १:४९

आणि आपलं सरकारी सीडॅकचं बॉस लिनक्स?

---

मुलुंडची मावशी | रविवार, दुपारी २:१०

तेही डेबियनवरच बेतलेलं. मग मूळ डेबियन काय वाईट? पण तिसरा मजला उद्या अडकले तर मला फोन करतील, आणि माझ्या घरी दोन्ही मशीनवर मिंट आहे. डोळ्यांसमोर नसलेल्या डेबियनबद्दल मी फोनवर काय सांगणार, 'डावीकडे काहीतरी असेल बघा'? माझ्या लेखी मिंटच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे.

---

प्रूफवाचक | रविवार, दुपारी ४:३३

सगळे डिस्ट्रोवर बोलताय, स्मरणिकांच्या फायलींकडे कुणाचं लक्ष गेलं का? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा.

मी दादरच्या छापखान्यांतून पंचवीस वर्षं मराठी डीटीपी बघत आलोय. तुमच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) नसणार, जुन्या कुठल्यातरी फॉन्टमध्ये असणार. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. फॉन्ट गेला की फाईल उघडल्यावर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भेळभत्ता दिसतो. लोकांना वाटतं लिनक्सने फाईल बिघडवली. फाईल जशीच्या तशी असते, फक्त चष्मा हरवलेला असतो.

तर आधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तुमचे मराठी फॉन्ट वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. मिंटमध्ये फॉन्टच्या फाईलवर दोनदा टिचकी मारा, उघडलेल्या खिडकीत 'इन्स्टॉल' दाबा, झालं. मग लिब्रेऑफिसमध्ये (मिंटबरोबर येणारं मोफत ऑफिस) वर्ड-एक्सेलच्या जुन्या फायली बऱ्यापैकी दिसतील.

पेजमेकरच्या (पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फायलींचं वेगळं. लिब्रेऑफिस त्या उघडायचा प्रयत्न करतं, पण मांडणीवर भरवसा ठेवू नका. जोवर विंडोज जिवंत आहे तोवर प्रत्येक अंकाची पीडीएफ काढून घ्या, एक संध्याकाळ जाईल. विंडोजवाली हार्ड डिस्कही पुसू नका. काढून, नाव घालून, माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी ठेवा.

काकांचा हिशेबही त्याच फॉन्टमध्ये असेल तर तो युनिकोडमध्ये आणावा लागेल. कन्व्हर्टर मिळतात, पण रूपांतर झाल्यावर 'वर्गणी' हा शब्द शोधा. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टंकतात, युनिकोडमध्ये र् अक्षराच्या आधी येतो. कन्व्हर्टर कच्चा असेल तर तुमच्या मंडळाला एका रात्रीत 'वगर्णी' जमा झालेली दिसेल. पहिल्या वेलांटीचंही तसंच, जुन्यात ती अक्षराच्या आधी असते. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या'तला र्‍य सुद्धा तपासा.

---

तिसरा मजला | रविवार, दुपारी ४:५०

प्रूफवाचक, तुम्ही वाचवलंत. आज रात्री मी फॉरमॅट मारणार होतो.

---

टर्मिनलवाला | रविवार, सायंकाळी ६:०५

प्रतिसाद आवडला. अवांतर: मराठी टंकायला आयबस (भाषा बदलायची सोय) आणि एम१७एन (तिच्यासाठी कळफलकांची यादी) बसवा. यादीत इनस्क्रिप्ट, फोनेटिक आणि चक्क गमभनही आहे. मराठी संस्थळांवर वाढलेल्या पिढीला दुसरं काही लागत नाही.

---

प्रूफवाचक | रविवार, सायंकाळी ६:२०

आणि फॉन्ट म्हणून लोहित, नोटो किंवा 'एक टाइप' या संस्थेचं 'मुक्त' घ्या. एक टाइप आपल्या मुंबईचीच, आणि फॉन्ट मोफत.

---

तिसरा मजला | मंगळवार, रात्री १०:५५

प्रगती कळवतो. पीडीएफ काढल्या, फॉन्ट घेतले, लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. रॅमचे सहाशे मागितले, साडेतीनशेला दिली. एका दुकानात ४ जीबीची काडी 'सगळ्यांत चालते साहेब' म्हणून पुढे केली. मी पाना यांचा प्रतिसाद आठवून 'लावून दाखवा' म्हटलं, तर काडी परत काउंटरखाली गेली. एसएसडी धरून सगळं मिळून दोन हजार सत्तर झाले. वरचे सत्तर माझ्या खिशातून.

पण पेनड्राइव्हवरून बूटच होत नाहीये. बायोसमध्ये बूट यादीत यूएसबी दिसतच नाही.

---

दहाचा पाना | मंगळवार, रात्री ११:०२

या पिढीच्या बोर्डांत पेनड्राइव्ह हार्ड डिस्क म्हणून मोजली जाते. बायोसमध्ये 'हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज'ची वेगळी उपयादी असेल, तिच्यात पेनड्राइव्ह पहिल्या नंबरावर आणा. पेनड्राइव्ह मागच्या पोर्टला लावा, पुढच्याला नको. रूफसने (बूटची पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) बनवली असेल तर एमबीआर हा जुन्या पद्धतीचा पर्याय निवडलाय ना ते बघा, या मशीनला बूटची नवी यूईएफआय पद्धत माहीत नाही.

---

तिसरा मजला | मंगळवार, रात्री ११:२४

झालं! मागचं पोर्ट.

---

तिसरा मजला | शुक्रवार, रात्री ९:३०

अँटीएक्स आणि मिंट दोन्ही लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, चालवून पाहिलं, टर्मिनलवाला नाराज नकोत म्हणून. अँटीएक्स खरंच पळतं, क्लिक करायच्या आत खिडकी उघडते. मुलांना आवडलं. काका मात्र पेनड्राइव्ह लावून पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले आणि म्हणाले, 'लावली की.' शेवटी मिंट एक्सएफसीई टाकलं. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप यायला चाळीस सेकंद. आधी चार मिनिटं लागायची, मी घड्याळ लावून मोजली होती. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं की नेट लगेच, ड्रायव्हर शोधावा लागला नाही.

तरी चार-पाच टॅब उघडले की अडखळतं.

---

टर्मिनलवाला | शुक्रवार, रात्री १०:१०

ठीक. मिंट तर मिंट. आता त्याला माणसात आणू.

डेस्कटॉप कोणताही घ्या, दोनशे-तीनशे एमबी इकडे तिकडे. खरी खादाडी ब्राउझरची. एखादी बातम्यांची साइट उघडा आणि शेजारी एचटॉप (कोण किती रॅम खातंय ते दाखवणारं) लावून बघा, एका टॅबमध्ये अख्ख्या अँटीएक्सपेक्षा जास्त रॅम जाते. म्हणून सगळ्यात आधी फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन. जाहिराती गेल्या की अर्धं ओझं उतरतं.

यूट्यूबसाठी एच२६४इफाय नावाचं एक्स्टेन्शन घ्या, ते व्हिडिओ एच.२६४ या जुन्या फॉर्मॅटमध्ये मागवतं. एरवी यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या फॉर्मॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं. तुमच्या जीएमए ३१०० ग्राफिक्सला ते उलगडता येत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच.२६४सुद्धा प्रोसेसरच उलगडणार, पण ते बरंच हलकं. क्वालिटी ४८० ला ठेवा, फळ्यावरचं गणित दिसायला तेवढं पुरतं.

मग झेडरॅम. रॅममधलाच एक भाग स्वॅप म्हणून, पण दाबून भरलेला, आपण प्रवासाच्या बॅगेत कपडे गुंडाळून कोंबतो तसा. ४ जीबीत पाच-साडेपाच जीबीचा संसार होतो. शेवटी विंडो मॅनेजरच्या सेटिंगमध्ये कंपोझिटिंग बंद करा. सावल्या जातील, वेग येईल.

---

लोकलमधून | शुक्रवार, रात्री १०:४१

लिब्रेऑफिसऐवजी अ‍ॅबीवर्ड आणि न्यूमेरिक? दोन्ही खूप हलकी.

---

मुलुंडची मावशी | शुक्रवार, रात्री ११:००

घरच्या हिशेबाला न्यूमेरिक झकास आहे. पण इथे जुन्या एक्सेल फायली, मराठी मजकूर आणि एकाहत्तर वर्षांचे काका. लिब्रेऑफिसच ठेवा. पहिल्यांदा उघडायला दहा सेकंद घेईल, नंतर निमूट चालतं. पीडीएफसाठी मिंटमधला एक्सरीडर पुरे. हलकं सॉफ्टवेअर शोधायच्या नादात फाईल उघडेनाशी झाली तर काय कामाचं?

---

तिसरा मजला | सोमवार, दुपारी १:२०

तातडीचं! शुक्रवार-शनिवारी सगळं छान. आज सकाळी मुलांचा फोन, 'दादा, लिनक्स हॅक झालं.' कुठलीही साइट उघडा, 'कनेक्शन सुरक्षित नाही'. अपडेट करायला गेलो तर त्यातही एरर. कमिटीतल्या एकांनी 'तरी मी म्हणत होतो' म्हणून झालंसुद्धा.

---

दहाचा पाना | सोमवार, दुपारी १:२६

उजवीकडच्या कोपऱ्यातली तारीख वाचून सांगा.

---

तिसरा मजला | सोमवार, दुपारी १:३१

१ जानेवारी २००९.

---

दहाचा पाना | सोमवार, दुपारी १:३५

बोर्डावरचा सेल गेलाय. सीआर२०३२, चपटा, रुपयाच्या नाण्यासारखा. रविवारी खोलीचा मेन स्विच बंद केला असणार, घड्याळ मागे गेलं. साइटचं प्रमाणपत्र आजचं आणि तुमचा पीसी २००९ मध्ये, मग ब्राउझर म्हणणारच की हे प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. अपडेटचं रडणं त्याचमुळे. नेट लागल्यावर मिंट थोड्या वेळाने तारीख आपली आपण सुधारतं, पण मुलं नेट लावल्या लावल्या ब्राउझर उघडत असणार. सेल घड्याळवाल्याकडेही मिळेल.

---

तिसरा मजला | सोमवार, रात्री ९:४५

चाळीस रुपयांचा सेल. तारीख टिकली. 'तरी मी म्हणत होतो' वाल्यांना मेसेज केलाय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

---

उलट टपाली | सोमवार, रात्री १०:०३

दोन हजार एकशे दहा झाले. मोजतोय मी.

---

तिसरा मजला | पुढच्या रविवारी, दुपारी १२:१५

आठवडा झाला. यूब्लॉक, झेडरॅम, ४८० सगळं केलं. एका वेळी सहा टॅब निघतात, सातव्याला रुसतं. मुलांना सांगितलंय, सहाच. जुने फॉन्ट बसवल्यावर स्मरणिकेच्या वर्डमधल्या फायली जशाच्या तशा दिसल्या. हिशेबाच्या रूपांतरात 'वगर्णी' आलीच होती, त्रेचाळीस ठिकाणी. शोधा-बदला करून सुधारली. जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर काही जमला नाही, पावत्यांची पीडीएफ खालच्या झेरॉक्सवाल्याला पाठवतो.

खजिनदारकाकांनी काल तासभर बसून सगळं तपासलं. बेरजा जुळल्या. मग मेनू दोनदा वरपासून खालपर्यंत बघितला आणि हळूच मला विचारलं, 'यातले पत्ते कुठे गेले रे?'

---

मुलुंडची मावशी | रविवार, दुपारी १२:४०

सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा आणि आइलरायट शोधा. क्लोंडाइक नावाचा डाव म्हणजे त्यांचं विंडोजवालं सॉलिटेअर. डेस्कटॉपवर चित्र ठेवा, मेनूत शोधायला लावू नका.

---

टर्मिनलवाला | रविवार, दुपारी १:०२

आणि पत्ते चालू असताना पाचच टॅब.